भिंत परतवील, पण काय परतवील?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोबाइल नेटवर्क सुधारणाऱ्या ‘बुद्धिमान पृष्ठभागां’वरील, म्हणजे रेडिओ लहरी हव्या त्या दिशेला परतवणाऱ्या फलकांवरील आपला कालचा लेख उत्साहाने लिहिला आहे, याबद्दल दुमत नाही, परंतु भिंतीवर एक फलक लावला की विजेशिवाय घरभर रेंज येईल, असा जो समज तो वाचून होतो, तो माझ्यासारख्या पोळलेल्या ग्राहकाला सहन होण्याजोगा नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही खिडक्यांना उष्णता परतवणाऱ्या काचा बसवल्या आणि त्या दिवसापासून घरातले फोन मुके झाले. चार महिने तक्रारी केल्या; मोबाइल कंपनीचे प्रत्येक वेळी एकच उत्तर, ‘आपल्या भागात कव्हरेज उत्तम आहे.’ होतेच, खिडकीबाहेर! काचेवरील धातूचा अतिसूक्ष्म थर उन्हाबरोबर रेडिओ लहरीही अडवतो, हे मला शेवटी काच बसवणाऱ्याने सांगितले. आता लेखातला फलक मी दिवाणखान्यात टांगला, तर तो परतवणार काय? हा फलक लहरी निर्माण करत नाही, त्याच्यापर्यंत आलेल्याच परतवतो; आणि माझ्या घरात त्या येतच नाहीत. त्याच्यावरील शेकडो घटक, प्रत्येकी एखाद्या डायोडच्या साहाय्याने, आलेल्या लहरीची कला (फेज, म्हणजे तिच्या चढउताराची वेळ) अशी बदलतात की परतलेल्या साऱ्या लहरी फोनपाशी एका तालात पोहोचाव्यात. त्या घटकांच्या नियंत्रणाला थोडी का होईना वीज लागते आणि फोन कुठे आहे हेही कोणीतरी कळवावे लागते. शिवाय टॉवर ते फलक आणि फलक ते फोन या दोन टप्प्यांत लहरींची ताकद जी घटते, त्या घटींचा गुणाकार होतो, म्हणून फलक मोठा हवा. अर्ध्या तरंगलांबीचे हजार घटक २८ गिगाहर्ट्झ वारंवारतेला वहीच्या पानावर मावतील, पण ३.५ गिगाहर्ट्झला त्यांना जवळजवळ दोन चौरस मीटर जागा लागेल. तेवढी भिंत माझ्याकडे रिकामी नाही.

लहरी आरपार जाऊ देणाऱ्या पारदर्शक पृष्ठभागाची चाचणी जपानमध्ये एनटीटी डोकोमो या मोबाइल कंपनीने आणि काच बनवणाऱ्या एजीसीने केली, ते २०२० मध्ये जाहीरही झाले. माझ्या खिडकीच्या उपयोगाची तेवढीच गोष्ट, आणि लेखात नेमका तिचाच उल्लेख नाही. मोबाइल नेटवर्कची मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संघटनेच्या मानकांच्या १८व्या आवृत्तीत नेटवर्क-नियंत्रित रिपीटरला (लहरी वाढवून पुढे पाठवणाऱ्या उपकरणाला) स्थान मिळाले, या पृष्ठभागांना नाही, हेही लेखकाने सोयीस्कररीत्या वगळले.

जाता जाता, लेखासोबत छापलेले चित्र घराच्या गच्चीवरील डिश अँटेनाचे होते.

आपला,
एक नियमित वाचक