मेलमधल्या त्या तीन ओळींसाठी, ताई

ताई, नमस्कार.

नाव लिहू नको असं तुम्ही बजावलंय, म्हणून लिहीत नाही. पण पत्र मात्र सगळ्यांसमोरच लिहितेय, कारण माझ्यावर ठपका ठेवला गेला तोही सगळ्यांसमोरच.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. पणजीत पाटोला आमचं छोटं ऑफिस आहे. उपग्रहांनी टिपलेलं समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य यांच्या वर्षानुवर्षांच्या नेटसीडीएफ फायली (अशा आकड्यांसाठीचा एक फाइल-प्रकार) स्पार्कवर, म्हणजे एकच काम अनेक मशीनना वाटून देणाऱ्या प्रणालीवर, चालवून आम्ही गोव्याच्या किनाऱ्याचे नकाशे काढत होतो. पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते आणि १ ऑगस्टपासून मालिमच्या जेटीवरून ट्रॉलर सुटायला लागतात. नकाशे त्याआधी हवे होते. माझा प्रोग्राम लॅपटॉपवर नीट चालायचा आणि क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या त्या मशीनवर, टाकला की पडायचा.

क्लस्टर सांभाळायचं कंत्राट ज्यांच्याकडे होतं, त्यांनी माझी प्रत्येक तक्रार ‘कोडमध्ये बग’ असा शेरा मारून बंद केली. प्रत्यक्ष काम करणाऱ्या वर्कर मशीनचे लॉग, म्हणजे चालताना काय झालं त्याच्या नोंदी, बघायची परवानगी मला नव्हती. ज्यांना होती, त्यांना ते उघडावेसे वाटले नाहीत. मीटिंगमध्ये ‘मुलगी नवीन आहे’ असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो गेला पाहिजे असंही मला वाटत नाही.

तुमची माझी ओळख काय, तर ताळगाव पठारावर विद्यापीठातल्या एका व्याख्यानानंतर चहाच्या टेबलापाशी झालेली. बाकी सगळ्यांनी ‘कोड दाखव’ म्हटलं होतं. तुम्ही विचारलंत, “पडतो तो कुठल्या मशीनवर पडतो, बाय?” हा प्रश्न तोवर कुणीच विचारला नव्हता. काम वाटून देणाऱ्या ड्रायव्हरचा नको, वर्करवर ते करणाऱ्या एक्झिक्युटरचा लॉग लेखी माग, असं तुम्ही सांगितलंत. मी मागितला आणि शेवटी मिळाला. त्यात वरच्याच बाजूला ओळ होती : ‘मॉड्यूल नॉट फाउंड एरर, नो मॉड्यूल नेम्ड नेटसीडीएफ फोर’. म्हणजे त्या फायली वाचणारी बाहेरची लायब्ररी, तयार कोडचा संच, जिथून जॉब सुटतो त्या मशीनवर होती आणि जिथे काम होतं त्या मशीनवर नव्हतीच. स्पार्क आपलं फंक्शन बांधून वर्करकडे धाडतो. त्या फंक्शनला लागणारी लायब्ररी मात्र वर्कर आपल्याच डिस्कवर शोधतो. ती तिथे ठेवायची किंवा जॉबबरोबर पाठवायची, हे कुणीतरी करावं लागतं.

तुम्ही म्हणालात, “जत्रेला नाटक घेऊन जाणारी मंडळी रंगाची पेटी आपली आपण नेते. देवळात रंग मिळेल असं धरून कोण निघतं?” काणकोणापासून पेडण्यापर्यंत नाटकं बघत वाढलेल्या कुणालाही याहून सोपं सांगता येणार नाही. तेव्हापासून ऑफिसात लायब्ररीच्या गठ्ठ्याला सगळे पेटीच म्हणतात.

मग कंत्राटदारांच्या माणसाने सुचवलं की लायब्ररीची झिप करून ‘पाय-फाइल्स’ या स्पार्कच्या सोयीतून पाठवा. नुसत्या पायथनमधल्या कोडला ते पुरतं. नेटसीडीएफच्या लायब्ररीच्या पोटात मात्र सी भाषेतला कोड आहे, एचडीएफ-५ ही आणखी एक लायब्ररी आहे. मशीनसाठी कंपाइल केलेल्या अशा फायली झिपमधून थेट लोड होत नाहीत. त्यातून क्लस्टरवरचं लिनक्स जुनं, माझ्या लॅपटॉपवरचं नवं. इथे बांधलेली फाइल तिथल्या जीलिबसीशी, म्हणजे लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीशी, जुळेना. म्हणून तुम्ही क्लस्टरवर आहे तेच लिनक्स घेऊन, पायथन आणि लायब्ररी असं सगळं एन्व्हायर्नमेंट कोंडा-पॅक या साधनाने एका गठ्ठ्यात बांधायला लावलंत. तो गठ्ठा स्पार्कच्या ‘आर्काइव्ह्ज’ या सोयीतून जॉबबरोबर गेला, प्रत्येक वर्करवर उलगडला आणि गठ्ठ्यातलाच पायथन वापरून काम सुरू झालं. हे सगळं स्पार्कच्या अधिकृत माहितीत, पायथन पॅकेजेसच्या पानावर लिहिलेलं आहे. ज्यांना ते वाचायचेच पैसे मिळतात, त्यांनी ते वाचलं नव्हतं.

पण ताई, मी हे पत्र त्या गठ्ठ्यासाठी लिहीत नाही. जॉब चालला, नकाशे निघाले, तेवढ्यावर तुम्हाला थांबता आलं असतं. तुमचा आमच्या ऑफिसशी संबंध नव्हता आणि एक पैसाही तुम्ही घेतला नव्हता. तरी त्या रात्री फोंड्याला घरी पोचल्यावर तुम्ही माझ्याकडून ‘कोडमध्ये बग’वाल्या जुन्या मेलमधले सगळे पत्ते मागून घेतलेत आणि त्याच मेलखाली तीन ओळी लिहिल्यात : “कोड पहिल्यापासून बरोबर होता. लायब्ररी वर्कर मशीनपर्यंत पोचलीच नव्हती. हे पहिल्याच दिवशीच्या लॉगमध्ये दिसतं.” खाली तुमचं पूर्ण नाव आणि इतक्या वर्षांचा हुद्दा. तो हुद्दा तुम्ही एरवी कधी लिहीत नाही, हे मला नंतर कळलं.

ती मेल मी आईला वाचून दाखवली. तिला त्यातलं स्पार्क कळलं नाही, पण ‘पहिल्यापासून बरोबर होता’ हे कळलं, आणि तिने ते मला पुन्हा वाचायला लावलं.

मदत करणारे भेटतात. दुसऱ्यावरचा डाग पुसायला स्वतःचं नाव पुढे करणारे फार थोडे. आपल्या धंद्यात तर चूक कोणाची हे ठरलं की खरं काय झालं ते पुन्हा कुणी बघत नाही, आणि नव्या माणसाच्या नावावर लागलेला शेरा पुढच्या कामापर्यंत त्याच्या मागे येतो. तिकडे अमेरिकेत बोल्डरला युनिडेटा या संस्थेची माणसं नेटसीडीएफ लिहून जगाला फुकट देतात, आणि आम्ही इथे ती नुसती वर्करपर्यंत पोचली का एवढंही बघायला तयार नाही. चांगुलपणा म्हणजे काही भव्य नसतं. लॉग उघडणं, शेवटपर्यंत वाचणं आणि त्यात जे दिसेल ते ज्यांना ऐकवायला हवं त्यांनाच ऐकवणं. हे तुम्ही केलंत.

कोणत्या लायब्ररीची कुठली आवृत्ती, कशासाठी आणि कुठल्या लिनक्सवर बांधली, हे तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी एका फाइलमध्ये लिहून ठेवलंय. आता आमच्याकडे एक नवा मुलगा आलाय. ती फाइल वाचून त्याने स्वतःचा जॉब कुणाला न विचारता चालवला. तो पडला असता, तर आधी लॉग उघडायचा असं मी त्याला सांगून ठेवलं होतं.

चवथीला आमच्याकडे यायचंच. आई नेवऱ्या करणार आहे आणि तिला तुम्हाला बघायचंय.

तुमची,
पाटोवाली