भीक मागणे हा गुन्हा कसा?

महोदय,
महाद्वार रोडवर भीक मागणाऱ्यांवर गुन्हे दाखल करा, असे सुचवणारे वाचकपत्र वाचले. ते मला मान्य नाही. त्रास होतो हे खरे; पण दुसऱ्याचे नुकसान करणाऱ्या कृत्यालाच गुन्हा म्हणावे. बिनखांबी गणेश मंदिराजवळ एक आजी जर्मनची वाटी घेऊन बसतात. हात इतका थरथरतो की नाणे वाटीत वाजत राहते. त्यांनी कोणाचे काय बिघडवले? भीक मागणे गुन्हा ठरवणारा मुंबई राज्याचा १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा दिल्लीतही लागू होता. त्यातील अनेक कलमे तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवली. आणि जन्मावरून गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची पोलिसांकडची सक्तीची हजेरी शाहू महाराजांनी याच कोल्हापुरात १९१८ मध्ये बंद केली, फासेपारध्यांना नोकऱ्या दिल्या. मुलांना भीक मागायला लावणाऱ्यांवर मात्र जरूर खटले भरा.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर