आक्का, तुमच्या शेणखताचे आभार

आदरणीय आक्का,

शि. सा. नमस्कार.

पत्र तुमच्या नातवाच्या फोनवर पाठवतेय, तो वाचून दाखवेल. पण लिहितेय चारचौघांसमोर, कारण मातीत उरलेल्या जुन्या गवतांच्या खुणांवरच्या माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमच्या वाट्याला एकच ओळ आली: 'पलूस तालुक्यातील एका शेतकरी महिलेचे सहकार्य'. मार्गदर्शकांना तीन परिच्छेद. ते छापून आल्यापासून मनाला खात होतं.

एप्रिलच्या उन्हात कृष्णाकाठच्या तुमच्या काळ्या रानात मी छातीएवढा खड्डा घेतला, तेव्हा तुम्ही बांधावरून म्हणालात, "हीर पाडायची आसंल तर पानाड्या तरी आनायचा की." मी सांगायला लागले की गवताच्या पानात काचेसारखी सिलिका असते. तुम्ही बाही वर सारून दंडावरच्या, उसाच्या पाल्यानं ओढलेल्या रेघा दाखवल्यात. "ही काच व्हय? ठावं हाय मला."

तीच काच, आक्का. मुळं पाण्याबरोबर विरघळलेली सिलिका ओढतात, ती पानातल्या पेशींमध्ये साचते आणि पेशीच्या साच्यात घट्ट होते. पान कुजून जातं, हा कण मागे राहतो, कधी हजारो वर्षं. त्याला फायटोलिथ म्हणतात. माती आम्लानं धुवायची, मग पाण्याच्या सव्वादोन-अडीच पट जड द्रवात टाकायची. वाळू तळाशी बसते, फायटोलिथ वर तरंगतात. आकारावरून घराणं ओळखायचं. शाळू, मारवेल, कुसळी यांचे कण डंबेलसारखे, हरळी आणि नाचणीचे घोड्याच्या खोगिरासारखे. भाताच्या पानात उघडलेला पंखा असतो, तुसात दोन शिंगं. आकार म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग, कधी त्याहूनही लहान.

पण ओळखायला आधी आजची गवतं जाळून नमुने करावे लागतात. ती गवतं तुम्ही कापून दिलीत. फुलोरा नसताना नुसत्या पेरावरून मारवेल कुठलं हे तुम्ही सांगायचा आणि मी पुस्तक चाळत बसायचे. माझ्या काचपट्ट्यांवर लॅटिन नावांच्या खाली तुमची नावं आहेत, तुम्ही म्हणालात तशीच.

आता मुख्य गोष्ट. त्या खड्ड्यात अडीच फुटांवर मला भाताचे पंखे सापडले. एक-दोन नव्हे, चांगले मोजता येतील इतके. कृष्णाकाठी, शाळूच्या रानात, जुना भात! दोन रात्री झोप नव्हती. प्रकरणाचं नावसुद्धा ठरलं होतं. दिवाळीत फोटो घेऊन तुमच्याकडे आले ते खरं सांगायचं तर कौतुक करून घ्यायला.

तुम्ही फोटो उलटा धरून पाहिलात आणि म्हणालात, "भात आमी कवा लावला? ह्यो पेंढा आसंल." मग सांगितलंत: बहात्तरच्या दुष्काळात सासऱ्यांनी शिराळ्याकडून भाताचा पेंढा गाड्या भरून आणला होता. जनावरांनी तो खाल्ला, शेण उकिरड्यात गेलं, उकिरडा रानात. काच जनावराच्या पोटात विरघळून जात नाही, ती शेणातून बाहेर पडते. हे मला ठाऊक होतं. तुमच्या गोठ्याशी त्याचा संबंध मात्र मी जोडला नव्हता.

तरी मी हट्टानं विचारलं, अडीच फूट खाली कसं जाईल? "अगं, उन्हाळ्यात भेगा बगितल्यास न्हवं? माजं खुरपं गेलं एकदा भेगंत, पुन्ना गावलं न्हाई." काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की फाटते आणि वरचं खाली ओढून घेते, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतले आहेत. एप्रिलमध्ये त्याच भेगांवर पाय ठेवून उभी होते आणि आठवलं नाही.

मग बांधापलीकडचा पडीक तुकडा तुम्हीच दाखवलात, जिथे खताची गाडी कधी गेली नव्हती. तिथल्या मातीत एकही पंखा निघाला नाही. पेंढ्याची गोष्ट तिथेच पक्की झाली. आधी तुमचं न ऐकता खालच्या चोपणातूनही, म्हणजे क्षारपड जमिनीतूनही, मी माती नेली होती. तिथले कण कुरतडल्यासारखे निघाले. सामू नऊच्या पुढे गेला की ही सिलिका विरघळू लागते. तुम्ही एवढंच म्हणाला होता, "त्यात काय बी टिकत न्हाई."

दिवाळीतल्या त्या रात्री चुलीजवळ मी तुम्हाला चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याची गोष्ट सांगितली होती. तिथल्या डायनोसॉरच्या दगड झालेल्या शेणात गवताचे फायटोलिथ सापडले, २००५ साली ते प्रसिद्ध झालं. तोवर डायनोसॉरच्या काळात गवत होतं यावर फारसा कुणाचा भरवसा नव्हता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं ते शेण, आणि पुढे त्यात भाताच्या भाऊबंदांचेही आकार ओळखले गेले. तुम्ही भाकरी उलटत म्हणालात, "म्हंजे तवाबी भात शेनातनंच आला म्हना की." हे वाक्य मी तोंडी परीक्षेत सांगितलं. बाहेरून आलेले परीक्षक इतके हसले की पुढचा प्रश्न विसरले.

जुन्या भाताचं प्रकरण मी काढून टाकलं. त्या जागी काळ्या रानात नमुना घेण्यापूर्वी खताचा आणि वैरणीचा इतिहास घरच्या बायकांना का विचारावा, हे लिहिलंय. प्रबंधातलं तेवढंच प्रकरण लोक मागून नेतात.

काचपट्ट्यांची एक पेटी तुमच्यासाठी ठेवली आहे, नातवाच्या शाळेत सूक्ष्मदर्शक आहे म्हणे. एप्रिलमध्ये भेगा पडल्या की येते. या वेळी खड्डा कुठं घ्यायचा ते तुम्हीच सांगा.

तुमची,
खड्डेवाली