पदवी आणि पगार : चि. सानिकास पत्र

दांडिया बाजार, बडोदे

चि. सानिका हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पुण्याला मामाकडे गेल्यापासून घरात तुझ्या प्रवेशाचा विषय रोज निघतो आणि रोज तो एकाच वाक्यापाशी येऊन अडतो : पुरातत्त्वाची पदवी घेऊन ही मुलगी करणार काय? काका हे विचारतात, आत्या विचारते, आणि बाबा काही बोलत नसले तरी त्यांच्याही मनात तेच आहे, हे मला दिसते. परवा फोनवर तू चिडून म्हणालीस, की पदवीची किंमत नोकरीवरूनच ठरणार असेल तर विद्यापीठे हवीत कशाला. फोनवर अशा गोष्टी नीट बोलता येत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते आहे. माझे मत आधीच सांगते. पोट कसे भरणार हा प्रश्न रास्त आहे आणि तुला तो टाळता येणार नाही. मात्र तो तुला विचारायचा आहे, आपल्या परिस्थितीला विचारायचा आहे. पदवीला विचारायचे प्रश्न वेगळे असतात, आणि ते आपल्याकडे कोणी विचारतच नाही.

काकांनी तुझ्यासाठी एका खासगी महाविद्यालयाचे माहितीपुस्तक आणून ठेवले आहे. त्यांचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. त्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर प्लेसमेंटची टक्केवारी ठळक छापली आहे आणि तिच्या डोक्यावर एक बारीकशी चांदणी आहे. ती कशासाठी, हे पाहायला पानाच्या तळाशी गेले तर तिथे लिहिलेले सापडले : ‘पात्र व नोंदणीकृत विद्यार्थ्यांपैकी’. माझी सारी नोकरी हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे टक्केवारी दिसली की ती कशावर काढली आहे हे मी आधी बघते. समज, वर्गात 120 मुले आहेत. विषय राहिलेले, पुढे शिकू इच्छिणारे, घरचा धंदा सांभाळणारे आणि ठरलेल्या गुणांच्या खाली असलेले असे सगळे वगळून 50 जणांची नावे नोंदवली आणि त्यांतल्या 45 जणांच्या हाती नेमणुकीचे पत्र पडले, की झाली 90 टक्के. ‘सर्वाधिक पॅकेज’ म्हणून चौकटीत जो आकडा दिलेला असतो तो एका मुलाचा असतो, आणि सरासरी काढताना तो एकटा बाकीच्यांना वर ओढतो. रांगेतल्या मधल्या मुलाला काय मिळाले, हे त्या पानावर कुठेही नाही. पॅकेजमध्येही कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, कामगिरीवर अवलंबून असलेला भाग हे सारे मिळवलेले असते; दरमहा हाती पडणारी रक्कम निराळी. ह्यात कोणी खोटे बोलत नाही. पण चार वर्षांत त्या वर्गात काय शिकवले जाते, कोण शिकवते, प्रयोगशाळेत मुलांच्या हाताला काम मिळते का, ह्यांतले काहीही त्या आकड्यात उतरलेले नाही.

मग तो आकडा मोजतो काय? माझ्या मते मुख्यतः बाजार मोजतो, आणि थोडेफार मुलांच्या घरची परिस्थिती. आपल्याच गावाकडे बघ. कोयलीची रिफायनरी 1965 साली सुरू झाली आणि 1969 साली आयपीसीएल ही सरकारी पेट्रोरसायन कंपनी उभी राहिली, तेव्हापासून पुढची कित्येक वर्षे बडोद्यातल्या प्रत्येक मध्यमवर्गीय घरात मुलाने रसायन अभियंता व्हावे हीच इच्छा होती, कारण कंपनीची वसाहत, शाळा, दवाखाना आणि निवृत्तीपर्यंतची निश्चिंती हे सारे त्या एका नोकरीत येत असे. 2002 मध्ये सरकारने आयपीसीएलमधला मोठा हिस्सा रिलायन्सला विकला आणि 2007 मध्ये ती कंपनी तिच्यात विलीन झाली. विद्यापीठातला रसायन अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम त्यामुळे एका रात्रीत उणा झाला नाही. पुढे संगणकाची लाट आली, देशभर अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली, आणि जागा इतक्या रिकाम्या राहू लागल्या की 2020 पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेला नव्या महाविद्यालयांना परवानगी देणे काही वर्षे थांबवावे लागले. ती महाविद्यालये नोकऱ्यांकडे पाहूनच काढली होती आणि मुलेही नोकऱ्यांकडे पाहूनच तिथे गेली होती. अठराव्या वर्षी घेतलेल्या निर्णयाला बाविसाव्या वर्षीचा बाजार लागू होतो, आणि चार वर्षांनंतरचा बाजार कोणालाच सांगता येत नाही. ज्या मापाचा काटा बाहेरच्या वाऱ्याने हलतो, त्याच्यावर पदवीचे वजन करू नये.

असे माप लावणारे आपणच नाही. इंग्लंडमध्ये 2022 पासून विद्यापीठांच्या नियामकाने असा उंबरठा ठरवला आहे, की पहिल्या पदवीच्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांपैकी किमान 60 टक्के पुढे उच्च दर्जाच्या नोकरीत किंवा पुढच्या शिक्षणात गेले पाहिजेत, आणि ही पाहणी अभ्यासक्रम संपल्यावर 15 महिन्यांनी होते. ऑस्ट्रेलियाने 2021 मध्ये शुल्कच बदलले : परिचर्या, शिक्षणशास्त्र, गणित स्वस्त केले आणि इतिहास-तत्त्वज्ञानासारख्या विषयांचे विद्यार्थ्यांनी भरायचे शुल्क 113 टक्क्यांनी वाढवले. मुलांनी ह्यामुळे विषय फारसे बदलले नाहीत. ज्यांना इतिहास शिकायचा होता त्यांनी तो अधिक कर्ज काढून शिकला, आणि 2024 साली तिथल्या उच्चशिक्षणाच्या आढावा समितीने ही पद्धत बदलायला सांगितले. मला ह्यातली 15 महिन्यांची अट विशेष खटकते. इतक्या थोड्या अवधीत पदवीधराची पहिली नोकरी तेवढी दिसते. त्या पदवीने त्याला काय दिले, हे दिसायला दहा-पंधरा वर्षे जावी लागतात.

ह्या बाबतीत मला सयाजीराव महाराजांची दृष्टी फार मोठी वाटते, आणि ते आपल्या गावचे म्हणून मी हे म्हणत नाही. हाताला काम देणारे शिक्षण त्यांना कमी दर्जाचे वाटत नव्हते. 1890 साली त्यांनी कलाभवन काढले ते रंगाईचे रसायन, विणकाम, यंत्रकाम शिकवण्यासाठीच. तिथे धंदेशिक्षण होते आणि ते धंद्याच्या मापानेच मोजायचे होते. दादासाहेब फाळके ह्याच कलाभवनात छायाचित्रण शिकले. चित्रपट नावाचा धंदा तेव्हा जगात कुठेही नव्हता, म्हणजे धंदेशिक्षणालासुद्धा पुढचा बाजार दिसतोच असे नाही. दुसरीकडे त्याच महाराजांनी जुनी संस्कृत हस्तलिखिते गोळा करून, तपासून, 1916 पासून ग्रंथमालेत छापायला सुरुवात केली. त्या कामातून संस्थानच्या तिजोरीत काय येणार होते?

आणि बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट तर तुला ठाऊक आहे, पण ती हिशेबाच्या नजरेने पुन्हा बघ. 1913 साली महाराजांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवले. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. म्हणजे परताव्याची अपेक्षा होतीच. मात्र बाबासाहेबांनी तिथे अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र हे सारे मन लावून अभ्यासले. 1917 साली ते कराराप्रमाणे बडोद्याला रुजू झाले, तेव्हा ह्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढले, कचेरीतले शिपाई फायली दुरून टाकत, आणि थोड्याच दिवसांत त्यांना शहर सोडावे लागले. दहा वर्षांची नोकरी मिळाली नाही. त्या वर्षअखेरीस कोणी शिष्यवृत्तीचे फलित मोजले असते, तर ती रक्कम बुडीत खाती टाकावी लागली असती. तो दोष शिक्षणाचा नव्हता, आमच्या शहराचा होता. नोकरी न मिळालेल्या मुलाकडे पाहून त्याच्या पदवीला नावे ठेवताना आपण हे विसरतो, की नोकरी देणाऱ्याचाही त्यात वाटा असतो, आणि जात, आडनाव, भाषा, ओळखीपाळखी ह्या गोष्टी नेमणुकीच्या पत्रावर लिहिलेल्या नसल्या तरी त्यांचा प्रभाव असतोच.

आता तुझ्या विषयाकडे येते. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने 1960 ते 1963 ह्या काळात उत्तर गुजरातेत शामळाजीजवळ देवनी मोरीला उत्खनन केले. मेश्वो नदीवर धरण होत होते आणि सारी जागा पाण्याखाली जाणार होती. त्या घाईत रमणलाल मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथला बौद्ध स्तूप आणि विहार मोकळा केला, मोजला, त्याचे नकाशे काढले. स्तूपाच्या आत दगडी करंडा सापडला आणि त्यावर लेख कोरलेला होता. आज ती जागा पाण्यात आहे आणि तिच्याविषयी आपल्याला जे काही ठाऊक आहे ते त्या हंगामांतल्या कामामुळे. बडोद्यातल्या अकोट्याचेही तसेच. आपण कमाटीबागेच्या संग्रहालयात ज्या जैन कांस्यमूर्तींपुढे थांबायचो, त्या 1951 साली जमिनीतून निघाल्या. उमाकांत शाह ह्यांनी त्यांवरचे लेख वाचून, शैली ताडून त्यांचा काळ ठरवला नसता, तर ते पितळेच्या भावाने जाणारे सामान होते.

अशा पदवीला मी काय विचारीन? मातीचे थर वाचायला शिकवतात का, हे विचारीन. खापराचा तुकडा धुऊन, वाळवून, त्यावर खड्ड्याचा आणि थराचा क्रमांक शाईने लिहिल्याशिवाय तो पेटीत जात नाही, ही शिस्त मुलांच्या हाती बसते का? कारण कोणत्या थरात सापडली हे न लिहिलेली वस्तू ही तारीख नसलेल्या व्हाउचरसारखी असते. खरी असली तरी तिच्यावरून काही सिद्ध करता येत नाही. प्राध्यापक स्वतः उत्खननाला जातात का, की वीस वर्षांपूर्वीच्या टिपणांवरून शिकवतात? ब्राह्मी लिपी शिकायची सोय आहे का? ग्रंथालय संध्याकाळी उघडे असते का? मूल तीन वर्षांनी बाहेर पडते तेव्हा त्याला एखादे विधान कोणत्या पुराव्यावर उभे आहे हे पारखता येते का? ह्यांची उत्तरे वाईट आली तर पुरातत्त्वाची पदवीही घेऊ नये, असे मी स्पष्ट म्हणेन. विषय थोर असला म्हणून शिकवणे आपोआप चांगले होत नाही.

पोटाचा प्रश्न मी सोडलेला नाही. ज्या घरात मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढावे लागते, तिथे अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभरात हप्ता सुरू होतो, आणि त्या घराने आधी नोकरीचा विचार केला तर त्याला कोणी संकुचित म्हणू नये. कित्येक घरांत मोठा मुलगा कमावू लागेल तेव्हाच धाकटीचे शिक्षण सुरू होते. आपल्या घरात तशी वेळ नाही. सरकारी विद्यापीठातल्या कला शाखेचे शुल्क आपल्याला कर्जाशिवाय भरता येते, तू घरी राहून शिकणार आहेस, आणि म्हणूनच तुला ही मोकळीक आहे. ती विषयाच्या थोरपणातून आलेली नाही, आपल्या परिस्थितीतून आलेली आहे, हे लक्षात ठेव.

आत्या म्हणाली, की मुलीची जात आहे, तिला कुठे संसार चालवायचा आहे, शिकू दे काय शिकायचे ते. तिने तुझी बाजू घेतली खरी, पण मला ते वाक्य सहन झाले नाही आणि मी तिला तसे सांगितले. तुला तुझ्या पायांवर उभे राहायचे आहे, लग्न कर अथवा नको करू. पुरातत्त्वात जागा थोड्या असतात : भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्यांची पुरातत्त्व खाती, संग्रहालये, विद्यापीठे. नुसत्या बी.ए.वर त्यांतले फारसे काही मिळत नाही, एम.ए. करावेच लागते, शिकवायचे असेल तर पुढे नेट, आणि मधली काही वर्षे उत्खननाच्या कंत्राटी कामांवर काढावी लागतात. म्हणून पदवीच्या बरोबरीने तू नकाशा आणि सर्वेक्षणाची संगणकीय कामे शीक, इंग्रजी आणि गुजराती दोन्हींत स्वच्छ लिहायला शीक, आणि सत्ताविसाव्या वर्षापर्यंत ह्या क्षेत्रात जम बसला नाही तर काय करशील, हे आजच ठरवून मला लिहून दे.

तू पुण्यात आहेसच, तर येरवड्याला डेक्कन कॉलेजात एकदा जाऊन ये. संग्रहालय बघच, पण तेवढ्यावर परत फिरू नकोस. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या चार मुलामुलींना गाठ आणि त्यांना दोन गोष्टी वेगवेगळ्या विचार : शिकवतात कसे, आणि मागच्या तुकडीतली मुले आज कुठे आहेत, त्यांतली किती अजून घरून पैसे मागवतात. दुसऱ्या प्रश्नाला संकोच करू नकोस. त्यांनाही तो रोज पडत असणार. प्रवेशाच्या पोर्टलवर पसंतीक्रम भरायला अजून अवधी आहे. काय कळले ते सविस्तर लिही, म्हणजे क्रम आपण तिघे मिळून लावू. मामा-मामींना नमस्कार सांग.

तुझी,
आई