डॉक्टर बदलला, हेही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका गावात आशा सेविका आहे. अभिनेते अतुल परचुरे 14 ऑक्टोबर 2024 रोजी गेले तेव्हा दसरा नुकताच झाला होता आणि आमच्याकडे सोयाबीन काढणीची घाई होती. त्या आठवड्यात मी वाचलेल्या बातम्यांमध्ये त्यांची नाटकं आली, मालिका आल्या, खुद्द पु. ल. देशपांडे हयात असताना त्यांनी रंगमंचावर उभे केलेले पु. ल. आले. ते यायलाच हवं होतं. आजाराला मात्र 'कर्करोगाने निधन' एवढीच जागा मिळाली.

त्याआधी वर्षभर त्यांनी स्वतःच एका मुलाखतीत सगळं सांगून ठेवलं होतं. लग्नाला 25 वर्षं झाली तेव्हा प्रकृती ठणठणीत होती. मग ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला फिरायला गेले असताना अन्न जाईना, मळमळायला लागलं. औषधं घेतली, गुण आला नाही. शेवटी सोनोग्राफीत यकृतात पाच सेंटिमीटरच्या आसपास गाठ दिसली. पहिला उपचार चुकला, स्वादुपिंडावर परिणाम झाला, चालता येईना, बोलताना जीभ अडखळायची. मग त्यांनी डॉक्टर बदलला आणि नीट उपचार, केमोथेरपी सुरू झाली. मधल्या काळात कपिल शर्माच्या कार्यक्रमातलं कामही हातचं गेलं. आमच्याकडच्या रोजमजुराला हे समजावून सांगावं लागत नाही. अंथरुणाला खिळलं की हजेरी बुडाली, मग माणूस टीव्हीवरचा असो की कापूस वेचणारा.

'डॉक्टर बदलला' ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. खेड्यात ती फार अवघड आहे. वर्षानुवर्षं ज्याच्याकडे उधारीत इंजेक्शन घेतलं त्याला सोडून दुसऱ्याकडे जायचं म्हणजे त्याचा अपमान, असं लोक मनापासून मानतात. गुण आला नाही तर एखादा झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे जाईल, देवाला जाईल, घरच्या घरी सलाइन लावून घेईल. पण तेच कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरला दाखवणार नाही. कागद तरी कुठे सापडतात? सोनोग्राफीचा रिपोर्ट कुठे गुंडाळून ठेवलेला असतो, रक्त तपासणीची चिठ्ठी पावसात भिजलेली असते. मी घरोघरी जाऊन तिशीपुढच्या माणसांचे सीबॅक फॉर्म, म्हणजे आजाराचा धोका ओळखायची प्रश्नावली, भरते. तोंडात न भरणारा फोड आहे का, छातीत गाठ आहे का, हे त्यात विचारायचं असतं. 'मले काई नाई बाई, तू लिही नाई म्हून,' असं उत्तर येतं, आणि उत्तर देणाऱ्याच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा असतो. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण पन्नीत घोटलेला खर्रा पानठेल्यावर उघड मिळतो.

आमच्या गावातल्या एका काकांचं असंच झालं. जेवण कमी झालं, पोट फुगल्यासारखं वाटायचं. 'गॅस आहे' म्हणून पातळ औषधाच्या बाटल्यांवर बाटल्या झाल्या. मी तपासणीचा विषय काढला की ते उठून गोठ्यात जायचे. त्यांच्या घरी परचुरे यांनी मोहनचं काम केलेली 'जागो मोहन प्यारे' मालिका आवडीने बघत. परचुरे यांच्या निधनानंतर मुलाच्या मोबाइलवर ती मुलाखत आली आणि काकांनी ती शेवटपर्यंत ऐकली. मग मला बोलावून म्हणाले, 'त्या मोहनलेबी पह्यले चुकीचंच औषध देल्लं होतं म्हनते. आपन दुसऱ्याले दाखवू का?' इतके दिवस माझ्या सांगण्याने जे झालं नाही ते त्या माणसाच्या बोलण्याने झालं. मुलाने घरभर शोधून कागद गोळा केले, आम्ही ते तारखेप्रमाणे एका फायलीत लावले आणि सेवाग्रामच्या रुग्णालयात जाऊन आलो. उपचार चालू आहेत. काका आता आपल्या तोंडाने लोकांना सांगतात की मी डॉक्टर बदलला.

म्हणून माझी विनंती आहे. येत्या 14 ऑक्टोबरला परचुरे यांच्या स्मृतिदिनाचा मजकूर छापाल तेव्हा त्यांचं आजारपण त्यांनी सांगितलं त्या क्रमाने छापा: काय व्हायला लागलं, गाठ कशात दिसली, काय चुकलं, पुढे काय केलं. त्याला लागून एक चौकट द्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी रेल्वेने जाताना स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण भाडेसवलत मिळते, सोबत्यालाही सूट असते. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. धामणगाव किंवा बडनेऱ्याहून मुंबईची गाडी धरणाऱ्या घराला हे आधी माहीत असलं तर निदान तिकिटासाठी तरी कुणापुढे हात पसरावा लागणार नाही. दुसऱ्या डॉक्टरला दाखवताना कोणते कागद सोबत न्यायचे, तेही त्यात असू द्या.

अक्षर जरा मोठं ठेवा. आमच्याकडे पेपर ग्रामपंचायतीत आणि सलूनमध्ये वाचला जातो, मी ते पान कापून दोन्हीकडे लावणार आहे.

आपली,
एक आशा सेविका
ता. दारव्हा, जि. यवतमाळ