हेलिगनच्या भिंतीवरची नावं

प्लायमथ

प्रिय नंदा,

काल हेलिगनला जाऊन आले. तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये मेव्हागिसी या कोळ्यांच्या गावाजवळ ही बाग आहे. 400 वर्षांहून जास्त काळ ट्रिमेन घराण्याकडे होती. पहिल्या महायुद्धाआधी इथे 22 माळी राबत. युद्ध लागलं, माळी लढायला गेले, कितीतरी परतलेच नाहीत. मालकांच्या घरात जखमी अधिकाऱ्यांचं इस्पितळ झालं. पुढे मालक इटलीला निघून गेले आणि बागेवर काटेरी रान माजलं. 1990 मध्ये त्याच घराण्यातला जॉन विलिस आणि त्याच्यासोबत टिम स्मिट हे त्या रानात वाट काढत शिरले.

आत काय सापडलं असेल? माळ्यांचा संडास! त्याच्या चुन्याच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेली माळ्यांची नावं, आणि खाली तारीख, ऑगस्ट 1914. त्या दाराशी मी किती वेळ उभी होते कोण जाणे. घशात आवंढाच आला. या बागेची गोष्ट सांगायची ती मालकांची नाही, या माळ्यांची, असं त्या मंडळींनी तिथेच ठरवलं. मला हे फार मोठं वाटतं गं.

म्हणूनच नुसती फुलझाडं लावून ते थांबले नाहीत, माळ्यांचं कसबही परत आणलं. अननसाचंच बघ. तुमच्या दोडामार्गला तो बांधावर आपसूक वाढतो, इथल्या थंडीत कुठला? मधल्या खड्ड्यात अननसाच्या कुंड्या, वर काच, दोन्ही बाजूंच्या चरांत घोड्यांची ताजी लीद. कुजताना ती तापते आणि तिची ऊब भिंतीतल्या भोकांतून आत जाते. लीद थंडावली की पुन्हा भरायची, सगळी हाताने. 1997 मध्ये फळ धरलं. पहिलं त्यांनीच चाखलं, दुसरं राणी एलिझाबेथला, लग्नाच्या 50 व्या वाढदिवसाला!

नंदा, तुझ्या आजोबांची ती लाल वही आठवते? बागायतीतल्या गड्यांची नावं आणि मजुरी लिहिलेली. पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत असेल. वाळवी लागायच्या आत काढ आणि पानापानाचे फोटो मला पाठव. काकूंना नमस्कार.

तुझी,
शुभा