आजच्यापुरती भाकर

अहिल्यानगर,
रविवार, सायंकाळ

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात तुला आणि वहिनींना सप्रेम सलाम.

तुझे पत्र मंगळवारी हाती आले. त्याच दिवशी ते दोनदा वाचले आणि आज उपासनेहून घरी आल्यावर पुन्हा एकदा वाचून मगच लिहायला बसलो आहे. तू जे विचारले आहेस त्याला घाईने उत्तर दिले असते, तर तो तुझ्या दुःखाचा अनादर झाला असता. वहिनींचे डायलिसिस सुरू होऊन सात महिने झाले. आठवड्यातून तीन दिवस पहाटे साडेचारला उठायचे, रिक्षाने केंद्रावर जायचे, चार तास बाहेरच्या बाकावर बसायचे, त्यांना घरी सोडून कामावर धावायचे, आणि रात्री प्रार्थनेला गुडघे टेकले की तोंडातून एकही शब्द फुटत नाही, असे तू लिहिले आहेस. शेवटी एकच ओळ आहे: ‘माझा विश्वास संपला असेल तर तसे मला स्पष्ट सांग.’

स्पष्टच सांगतो. तुझा विश्वास संपलेला नाही. तू थकला आहेस. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि पवित्र शास्त्र त्यांची गल्लत करत नाही, हे मला माझ्या स्वतःच्या एका काळ्या वर्षात कळले.

धाकटा भाऊ अपघातात गेला तेव्हा तू स्मशानभूमीत माझ्या शेजारी उभा होतास, पण त्यानंतरचे महिने तू पाहिले नाहीस, कारण तुझी तोवर मुंबईला बदली झाली होती. मी घराबाहेर पडत नव्हतो. शास्त्र उघडले तर अक्षरे दिसायची, अर्थ लागत नसे. भेटायला येणारे लोक वचने सांगत, ती सगळी मला पाठ होती आणि एकही आत उतरत नव्हते. त्या दिवसांत आपल्या मंडळीतल्या एक वृद्ध मावशी रोज दुपारी स्टीलच्या डब्यात बाजरीची भाकरी आणि पिठले घेऊन येत. आत येऊन डबा ठेवत, ‘ऊठ बाबा, दोन घास खा’ एवढेच म्हणत, मी खाईपर्यंत गप्प बसत आणि रिकामा डबा घेऊन निघून जात. हे जवळजवळ सहा आठवडे चालले. त्यांनी मला एकदाही बोध केला नाही. मी सावरलो तो त्या भाकरीने, असे मी आजही म्हणतो, आणि हे म्हणताना देवाचे श्रेय कमी करतो असे मला वाटत नाही.

पुढे कित्येक महिन्यांनी पहिल्या राजांच्या पुस्तकातला 19वा अध्याय वाचत होतो आणि एकदम थांबलो. एलीया संदेष्ट्याने कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय पाहिला होता, तरी ईजबेल राणीची धमकी ऐकताच तो जीव घेऊन पळाला, बैरशेबाच्या पुढे रानात एक दिवसाची वाट चालून गेला आणि एका झुडपाखाली बसून मरण मागू लागला. ‘आता पुरे झाले’ हे त्याचे शब्द आहेत. एवढ्या मोठ्या संदेष्ट्याने असे बोलावे, यावर देवाने त्याला काय म्हटले? काहीच म्हटले नाही. त्याला झोप लागू दिली. मग दूताने त्याला स्पर्श करून उठवले आणि खायला सांगितले. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई होती. तो जेवला आणि पुन्हा झोपला, तरीही दूत रागावला नाही. त्याने दुसऱ्यांदा उठवले, दुसऱ्यांदा जेवू घातले, आणि कारण सांगितले ते एवढेच की पुढची वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे. ‘तू येथे काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न आला तो चाळीस दिवसांनंतर, होरेब डोंगरावरच्या गुहेत. आधी झोप आणि भाकर, मग प्रश्न. हा क्रम मला फार मोठा वाटतो, आणि मंडळीत आपण तो बहुतेक वेळा उलटा करतो याचे मला वाईट वाटते.

तुला कोणीतरी म्हटले की विश्वास पक्का असता तर वहिनी एव्हाना बऱ्या झाल्या असत्या. ते वाक्य तू दुसऱ्याच विषयाच्या मध्ये लिहून पुढे गेला आहेस, म्हणजे ते तुला किती लागले असेल हे मी समजू शकतो. मित्रा, ते वाक्य मनातून काढून टाक, ते शास्त्रातले नाही. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी पीडा, निघावी म्हणून प्रभूकडे तीनदा विनंती केली आणि तो काटा निघाला नाही. उत्तर मिळाले ते असे: ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ पौलाचा विश्वास कमी पडला, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील का?

आपल्या मराठी शास्त्रातला हा ‘पुरे’ शब्द गेले काही दिवस माझ्या मनात घोळतो आहे. एलीया म्हणतो ‘आता पुरे झाले’, म्हणजे आता सोसवत नाही. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू म्हणतो, ‘ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे.’ आणि पौलाला तोच म्हणतो की कृपा पुरे आहे. दुःखाचे आणि कृपेचे माप एकाच शब्दाने मोजलेले आहे, आणि मधल्या वाक्यात ते माप एका दिवसाचे आहे. तू मात्र पत्रात पुढच्या दहा वर्षांचा हिशेब मांडला आहेस: मुलीचे शिक्षण, घराचे हप्ते, मूत्रपिंडासाठी प्रतीक्षायादीत नाव घालावे की नाही, घातले तर किती वर्षे लागतील. हे प्रश्न खोटे नाहीत आणि त्यांचा विचार करू नये असेही मी म्हणणार नाही. कागद करावेत, अर्ज भरावेत, डॉक्टरांना विचारावे. परंतु दहा वर्षांचे ओझे उचलायला लागणारी शक्ती तू आज रात्री मागतो आहेस, आणि ती तशी एकदम मिळत नाही.

निर्गमाच्या 16व्या अध्यायातला मान्ना आठव. शब्बाथ शाळेत आपल्याला त्याची केवळ गंमत वाटायची, की रानात सकाळी दव उडून गेल्यावर जमिनीवर खाऊ पडलेला असे. आज मी तो अध्याय तुझ्या घरातली परिस्थिती समोर ठेवून वाचला. माणशी एक ओमर गोळा करायचा, म्हणजे आपल्या मापाने सुमारे दोन लिटर. ज्याने अधिक गोळा केला त्याला अधिक उरला नाही, ज्याने थोडा गोळा केला त्याला कमी पडला नाही. उद्यासाठी राखून ठेवला तर त्यात किडे पडत आणि घाण येई. ऊन वाढले की जमिनीवरचा वितळून जाई. शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसासाठी, तेवढा सहाव्या दिवशी दुप्पट मिळे आणि तो मात्र नासत नसे. चाळीस वर्षे हे असेच चालले, आणि कनान देशातले धान्य खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी मान्ना बंद झाला, असे यहोशवाच्या पुस्तकात आहे. त्या चाळीस वर्षांत एकाही इस्राएली घरात महिन्याभराचे धान्य भरून ठेवलेले नव्हते, आणि तरी कोणी उपाशी मेले नाही.

आता वहिनींचा विचार कर. यंत्राने रक्त शुद्ध केले की ती शुद्धी दोन दिवस पुरते, फार तर तीन. आज आठ तास बसलो म्हणून पुढच्या आठवड्याची सोय होत नाही. पाणी मापून प्यायचे, मीठ मापून खायचे. तू लिहिले आहेस की रोज उठल्यावर त्यांच्या डाव्या हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी जोडून घेतलेल्या रक्तवाहिनीवर, बोट ठेवून तू त्यातली थरथर तपासतोस, आणि ती लागली की तुझा जीव भांड्यात पडतो. हे वाचून माझे डोळे भरून आले. तुला प्रार्थना जमत नाही असे तू म्हणतोस. मला वाटते, रोज सकाळी त्या हातावर बोट ठेवून तू जो क्षणभर श्वास रोखतोस, ती तुझी प्रार्थनाच आहे, आणि जिवंत थरथर बोटाला लागते ते त्या दिवसाचे उत्तर आहे.

विलापगीतातले शब्द आपल्या घरी लहानपणापासून भिंतीवर टांगलेले होते, की परमेश्वराच्या करुणेला खंड पडत नाही, ‘ती रोज सकाळी नवी होते’. भिंतीवर टांगले की शब्द गुळगुळीत होतात. ज्याने हे लिहिले त्याच्या डोळ्यांसमोर बाबेलच्या सैन्याने जाळलेले यरुशलेम होते. लहान मुले रस्त्यात भुकेने मूर्च्छित पडत होती. ज्या तिसऱ्या अध्यायात हे वचन येते त्यात 66 ओव्या आहेत, इब्री वर्णमालेतल्या प्रत्येक अक्षराला तीन, आणि करुणेची ओळ त्यातल्या 22व्या ओवीत येते. तिच्या आधी कवी म्हणून गेला आहे की परमेश्वराने मला अंधारात चालवले, माझी प्रार्थना बाहेरच अडवली. तिच्यानंतरही तो पुन्हा रडतो, आणि पुस्तक संपते तेव्हा देवाने आपल्याला टाकले की काय ही शंका तेथे तशीच उभी असते. म्हणजे ‘रोज सकाळी’ हे शब्द ज्याच्या तोंडून आले त्याची रात्र संपलेली नव्हती. स्तोत्रांतही 88वे स्तोत्र अंधारातच संपते, एकही सांत्वनाचे वाक्य त्याच्या शेवटी नाही, आणि तरी ते देवाच्या लोकांनी आपल्या गीतसंग्रहात जपून ठेवले. तुला काही वाचवत नसेल तर तेच वाच. त्यात तुझे शब्द तुला आयते सापडतील.

पंडिता रमाबाईंचे मला अलीकडे फार स्मरण होते. गेल्या हिवाळ्यात केडगावला त्यांनी उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये जाण्याचा योग आला. रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत 1882 मध्ये पती गेले, पुढे कानांनी जवळजवळ ऐकू येईनासे झाले, आणि 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्या काळात त्यांच्या हाती मूळ इब्री आणि ग्रीक भाषांतून शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम होते. साध्या बाईलाही वाचून कळावे, ही त्यांची इच्छा होती, आणि छपाईचे कामही मुक्तीतल्या स्त्रियाच करत. मुलगी गेल्यावरही ते थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या, त्याआधी ते पूर्ण झाले होते. आपण त्यांना थोर म्हणतो, म्हणून त्यांचे दुःख आपल्या दुःखाहून वेगळे असेल असे वाटते. मी तेथे उभा होतो तेव्हा मात्र एवढेच मनात आले, की मुलगी गेल्यानंतरच्या सकाळी या बाई उठल्या असतील आणि समोर ठेवलेल्या कागदातली पुढची ओळ त्यांनी वाचली असेल.

तू विचारले आहेस की मग मी रोज काय करू. मला जे उपयोगी पडले तेवढे सांगतो. मोठ्या प्रार्थनेचा हट्ट सोड. केंद्रावरच्या बाकावर बसलास की फक्त प्रभूची प्रार्थना म्हण, तीही हळूहळू. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ येथपर्यंतच पोहोचलास तरी चालेल. या ओळीत ‘रोजची’ असा आपण जो अर्थ करतो तो मूळ ग्रीक शब्द इतका विरळा आहे की मत्तय आणि लूक यांतल्या या प्रार्थनेबाहेर तो जवळजवळ कोठेच आढळत नाही, आणि तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानालाही तो शुभवर्तमानकारांनीच घडवला असावा असे वाटले होते. विद्वान त्याचा अर्थ आजची, जरुरीपुरती, येणाऱ्या दिवसाची असा वेगवेगळा लावतात. मला त्यांपैकी ‘जरुरीपुरती’ हा अर्थ मानवतो.

आणि जेव्हा तेही म्हणवणार नाही, तेव्हा आम्हाला म्हणू दे. कफर्णहूमातल्या त्या पक्षाघाती माणसाची गोष्ट मार्काच्या दुसऱ्या अध्यायात आहे. चौघांनी त्याला बाजेवर घालून आणले, गर्दीमुळे आत जाता येईना म्हणून छप्पर उकरले आणि त्याला प्रभूसमोर खाली सोडले. तेथे लिहिले आहे की प्रभूने ‘त्यांचा विश्वास’ पाहिला. बाजेवरचा माणूस त्या सबंध प्रसंगात एक शब्दही बोलत नाही. आज सकाळी उपासनेत आम्ही रेव्हरंड ना. वा. टिळकांचे पद म्हटले, त्यानंतर पाळकसाहेबांनी विनंत्या विचारल्या तेव्हा मी उभा राहून तुझे आणि वहिनींचे नाव घेतले. तुला न विचारता घेतले, त्याबद्दल क्षमा कर. उपासना संपल्यावर तिघांनी येऊन तुझा पत्ता मागितला.

त्यातून एक गोष्ट ठरली आहे. पुढच्या बुधवारपासून मी पंधरा दिवस तुझ्याकडे येतो. शाळेला सुट्टी लागली आहे, त्यामुळे माझे काही अडणार नाही. बुधवार, शुक्रवार, सोमवार, जे वार असतील त्या दिवशी पहाटे वहिनींना घेऊन मी केंद्रावर जाईन आणि त्या बाकावर मी बसेन. तू त्या सकाळी झोप. माझ्यामागून मंडळीतले दुसरे कोणी येईल, याची बोलणी चालू आहेत. नको म्हणू नकोस.

बुधवारी सकाळच्या एसटीने निघेन, दुपारी उशिरा पोहोचेन. येताना घरची बाजरी दळून आणावी असे मनात आहे, पण वहिनींच्या पथ्यात बाजरी चालते का, आणि चालत असेल तर किती, हे आहारतज्ज्ञांना विचारून मला फोनवर कळव. चालत नसेल तर तांदळाचे पीठ आणतो. भाकरी मला थापता येते.

तुझाच,
बालमित्र